झाकणावरची लाल पट्टी

वहिनीने वाटाण्याचा डबा कानाशी धरून हलवला आणि धाकट्या दिराच्या हातातून कप निसटून बशीत आपटला. चहा सांडला, थोडा बाहीवरही गेला. "भाजलं का हो?" वहिनीने विचारले. तो नाही म्हणाला. झाले होते एवढेच की डब्यात मूठभर वाळके वाटाणे उरले होते आणि ते पत्र्यावर तडतडले होते. स्वयंपाकघर म्हटले की कुणी ना कुणी काहीतरी हलवून, उघडून, आपटून बघणारच. पण धाकट्याचे कान साध्या माणसाचे नव्हते आणि हा आवाज त्याच्या पोटापाण्याचा होता. वेगाच्या गाड्या आणखी वेगाने पळाव्यात म्हणून लोक ज्या गॅरेजात आणतात, तिथे तो काम करायचा. तांब्याची एक नळी इंजिनाला आवळायची, तिच्या दुसऱ्या टोकाचे हेडफोन कानाला लावायचे आणि उस्तादने गाडी जोरात ताणली की डोळे मिटून ऐकायचे. पेट्रोल वेळेआधी पेटले की हेडफोनमध्ये नेमके असेच वाजते, डब्यात वाळके वाटाणे. गॅरेजात त्याला 'दाणे वाजले' म्हणत. दाणे वाजले की धाकट्याने हात वर करायचा, उस्तादने पाय उचलायचा आणि लॅपटॉपवर ठिणगीची वेळ मागे घ्यायची, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडायची. नाही घेतली तर पिस्टन फुटतो. हे त्याला इतके पाठ होते की झोपेत उठवून विचारले असते तरी त्याने सांगितले असते, आणि म्हणूनच त्याला झोप लागत नव्हती.

"संपत आलेत," वहिनी म्हणाली आणि तिने डबा फळीवर ठेवला. कुठल्या डब्यात काय आणि किती उरले आहे हे हल्ली तिला बरोबर ठाऊक असायचे. अपघाताच्या आधी तिला स्वतःच्या घरात मीठ सापडत नसे. सकाळी आठाच्या ठोक्याला ती ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीत जाऊन बसायची ती संध्याकाळपर्यंत, आणि दुसऱ्यांच्या हातातली स्टिअरिंग सरळ करून करून दंड दुखतात म्हणून रात्री नवऱ्याकडून, म्हणजे थोरल्याकडून, मलम चोळून घ्यायची. "अर्ध्या शहराला हिनं रस्त्यावर आणलंय," असे थोरला पाहुण्यांना सांगायचा आणि पाहुणे हसले की तीही हसायची. आता थोरला टेबलाशी बसून होता, काठी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली, दुखरा पाय पुढे सरळ ठेवलेला. त्याने पेपरातून डोके वर काढले. "हात कापायला लागले काय रे तुझे? थिनर हुंगून हुंगून दुसरं काय होणार." मग बायकोकडे वळून, "आज तुझे मालक फोन करणारेत ना? सांगून टाक त्यांना. किती दिवस बिचाऱ्यांनी तुझी जागा धरून ठेवायची? दुसरी कुणी बघतील ते."

"सांगते," वहिनी म्हणाली.

"मी काही म्हणत नाही हं. माझ्या मनात काहीसुद्धा नाही. मी केव्हाच सगळं विसरलो."

हे वाक्य थोरला वरचेवर बोलायचा, आणि खऱ्या मनाने बोलायचा, हेच त्यातले वाईट. त्याने बायकोला माफ केले होते. कोणी घरी आले की तिच्या खांद्यावर हात ठेवून तो सांगायचा की चूक कुणाच्याही हातून होते. आणि प्रत्येक वेळी वहिनी मान खाली घालायची. ती मान ज्याच्यामुळे खाली जात होती तो माणूस त्याच टेबलाशी बसून, तिच्याच हातचा चहा पीत, मूग गिळून बसलेला असायचा. उठून जावे तर लक्षात येईल, बसून राहावे तर बसवत नाही. मग तो बशीतला चहा पुन्हा कपात ओतत बसायचा. आत्ताही ओतत होता. चहाला थिनरचा वास येत होता. चहाला तो वास नव्हता, बोटांना होता, आणि बोटांनाही बहुधा नव्हता, रात्रीच त्याने ती साबणाने घासली होती.

त्या वासाचे त्याला पूर्वी वेड होते. गोड, थंड, टाळूपर्यंत जाणारा. रंगारी ज्यात ब्रश धुतात त्या थिनरमधलाच एक जिन्नस, टोल्युइन, निळ्या पिंपातून यायचा. आणणारा टेम्पोवाला विचारायचा, "एवढा रंग लावता कशाला हो तुम्ही?" आणि उस्ताद गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "स्वप्नं रंगवतो." तो जिन्नस पेट्रोलमध्ये मोजून मिसळला की पेट्रोलचे ऑक्टेन वाढते. ऑक्टेन म्हणजे काय असे वहिनीने एकदा विचारले होते. तेव्हा धाकटा या घरात नुकताच राहायला आला होता, आईच्या मागे त्याला एकट्याला ठेवायचे नाही असे वहिनीनेच ठरवले होते. तो म्हणाला होता, "सोशिकपणा समजा वहिनी. इंजिनात पेट्रोल दाबतात, खूप दाबतात. साधं पेट्रोल कावतं आणि ठिणगीच्या आधीच भडकतं. ऑक्टेन जास्त असलं की ते दाब सोसतं, आपली वेळ आली की मगच पेटतं." वहिनी हसत सुटली. "मग या घरात सगळ्यात जास्त ऑक्टेन माझंच." थोरला म्हणाला, "बघ, बघ, कशी वेळ साधते." किती साधे दिवस होते ते. आता धाकट्याला वाटायचे की खरे ऑक्टेन आपले. आठ महिने आतून एवढा दाब येतो आहे आणि ठिणगी म्हणून पडत नाही.

थोरल्याची गाडी हे थोरल्याचे एकुलते एक व्यसन होते. दारू नाही, पत्ते नाहीत, सिगारेट लग्नात सुटलेली. बसकी, करड्या रंगाची, टर्बोची गाडी त्याने जुनी घेतली आणि जावयासारखी मिरवली. महिन्यातून एकदा शहराबाहेरच्या शर्यतीच्या पट्ट्यावर तो ती पळवायचा आणि तिथे एका दातांच्या डॉक्टरकडून न चुकता हरायचा. डॉक्टर हरवायचा तो हरवायचा, वर हसून दात दाखवायचा, याचा थोरल्याला फार राग. गाडीत टोल्युइनचे मिश्रण भरायला धाकट्यानेच सुरुवात केली होती. पण तेव्हा तो नुसते भरतच होता, ठिणगीला हात लावला नव्हता. अशा गाडीत वाटेत साधे पेट्रोल भरले तरी काही बिघडत नाही, फक्त मजा कमी होते. वहिनीही ती गाडी चालवायची आणि थोरल्यापेक्षा चांगली चालवायची. पुढे मात्र गोष्ट बदलते. मिश्रणाचा पुरता फायदा घ्यायचा तर ठिणगी लवकर पडायला हवी, आणि एकदा ती लवकर केली की मग त्या गाडीत साधे पेट्रोल म्हणजे विष. म्हणून गॅरेजात एक रीत होती. ठिणगी पुढे घेतली, म्हणजे लवकर केली, की पेट्रोलच्या झाकणावर लाल पट्टी चिकटवायची. लॅपटॉप मिटायच्या आत चिकटवायची. उस्ताद तर पट्टी आधी फाडून दंडावर लावून ठेवायचा आणि मगच कामाला बसायचा. लाल पट्टीची गाडी पंपावर न्यायची नाही, तिचे पेट्रोल गॅरेजातल्या कॅनमधूनच. हे पंपावरची पोरेसुद्धा ओळखून होती.

थोरल्याच्या गाडीला धाकट्याने पट्टी लावली नाही. का लावली नाही ते आठवले की त्याला स्वतःची किळस यायची, कारण ते कारण इतके पोरकट होते. त्याला दादाला चकित करायचे होते. येत्या रविवारी पट्ट्यावर गाडी अशी सुटावी की दातांच्या डॉक्टरचे दात घशात जावेत, आणि दादाने गाडीतून उतरून, हेल्मेट काढून, "छोट्या, काय केलंस रे?" असे विचारावे. आयुष्यभर दादाने त्याला काही ना काही दिले होते. शाळेचे बूट, पहिली नोकरी, राहायला खोली. एकदा आपण द्यावे. शनिवारी उस्ताद बाहेर होता. धाकट्याने ठिणगी पुढे घेतली, हेडफोन लावून स्वतःच गाडी ताणली, दाणे वाजले नाहीत. टाकीत मिश्रण होते, वाजणार कसे? आणि मग त्याने आणखी एक गोष्ट केली. अशा गाडीला स्वतःचाही एक कान असतो. इंजिनाला बसवलेला, बोराएवढा. दाणे वाजायला लागले की तो कान गाडीला सांगतो आणि गाडी आपणहून ठिणगी मागे घेते. शर्यतीत तो उगाच खडखडाटालाही भितो आणि ऐन वेळी गाडीचा जोर काढून घेतो, म्हणून धाकट्याने तो कान बधिर केला. लॅपटॉपवर एक आकडा बदलला, बस्स. लाल पट्टीचे रीळ समोर खिळ्याला लटकत होते. पट्टी दिसली की दादाला कळणार, मग गंमत काय राहिली. लावू उद्या शर्यतीनंतर, असे तो मनात म्हणाला. घरच्याच गाडीला कसली पट्टी.

पट्ट्याच्या मालकाचे वडील वारले आणि रविवारची शर्यत रद्द झाली. धाकट्याला हळहळ वाटली, पण ती ठिणगी पुन्हा मागे घ्यावी असे त्याच्या मनात आले नाही. पुढच्या रविवारी उपयोगी पडेल, टाकी तर भरलेली आहे. आणि बुधवारी लेकीला होस्टेलवर सोडायला थोरला आणि वहिनी तीच गाडी घेऊन गेले, कारण दुसरीचे टायर बदलायचे होते. पहाटे निघाले. धाकटा झोपलेला होता. वहिनीने जाताना त्याच्या दाराशी येऊन सांगितले होते, "भावजी, दूध ओट्यावर आहे," आणि तो झोपेत हं म्हणाला होता. त्या 'हं'ला तो आठ महिने कुरतडत होता. त्या वेळी तो जागा असता तर. दूध नको म्हणायला उठला असता आणि विचारले असते, कुठली गाडी नेताय? लेक होस्टेलवर पोचली. परतताना टाकी तळाला गेली, वहिनीने वाटेतल्या पंपावर साधे पेट्रोल भरले आणि थोरल्याला बाजूला बसवून स्वतः चालवायला घेतली. पुढे चढ लागला. चढावर मालाने भरलेला ट्रक रांगत होता. पुढचा रस्ता दिसत होता, जागा होती, वेळ होता. तिने आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला.

ती शिकाऊ लोकांना सांगायची, "अर्धा ओव्हरटेक नसतो. एकतर मागं राहायचं, नाहीतर पुरा करायचा." तिचा तो अर्धा राहिला. ट्रकच्या कडेला असताना गाडीने दम टाकला, समोरून बस आली, मागे यायला जागा उरली नव्हती, आणि तिने गाडी पलीकडच्या कठड्याकडे घातली, ती गिरकी घेऊन डाव्या अंगाने त्यावर आदळली. तिच्या बाजूला ओरखडा आला नाही. थोरल्याचा खुबा गेला. गाडी त्याच बाजूने आदळली, त्याला ती काय करणार, पण बघायला आलेल्या नातेवाइकांना तोंड मिळाले. "बाई गं, स्वतःची बाजू बरोबर वाचवली," असे एक लांबची आत्या इस्पितळाच्या जिन्यात म्हणाली, अगदी हळू, म्हणजे वहिनीला ऐकू जाईल इतक्या हळू.

आणि त्यानंतरची ती वेळ. तिथे येऊन धाकट्याचे मन रोज थांबायचे, रस्ता संपल्यासारखे. इस्पितळातला लांब बोळ, फरशी पुसणाऱ्याची ओली बादली, मशीनमधल्या चहाचे कागदी पेले त्याच्या दोन्ही हातांत. थोरला शुद्धीवर होता आणि वेदनेने चिडलेला होता. "गीअर चुकलीस तू. तिसरा टाकायचा तिथं पाचवा पडला असणार. गाडी एकदम मेली." वहिनी म्हणाली, "मी तिसऱ्यातच होते. गाडीनंच दम टाकला हो. आधी काहीतरी तडतडलं." आणि मग ती धाकट्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत त्या वेळी काय होते ते तो विसरू शकत नव्हता. तिथे भरवसा होता, दुसरे काही नाही. "भावजी, तुम्ही इंजिन उघडून बघितलंत ना? काही झालं होतं का त्याला?" त्याने आदल्याच रात्री इंजिन उघडले होते. तिसऱ्या पिस्टनचा काठ कुरतडून गेलेला होता, डोक्याला बोट जाईल एवढे भोक. उस्ताद शेजारी उभा होता. त्याने पिस्टन हातात फिरवला, लॅपटॉपवरचा आकडा पाहिला आणि तो एवढेच म्हणाला, "घरच्या गाडीला पट्टी लावत नाहीत, तिथंच घोडं पेंड खातं." आणि बोळात उभा राहून, दोन्ही हातांत चहा घेऊन, धाकटा म्हणाला, "इंजिन ठीक होतं वहिनी."

एवढेच. चार शब्द. तिने त्यावर क्षणभर विचार केला, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेले. धाकट्याचे कान खोटे सांगत नाहीत हे तिला माहीत होते. "असेल," ती म्हणाली. "पाचवा पडला असेल." मग तिने त्याच्या हातातला एक पेला घेतला, कारण त्याची बोटे भाजत असतील असे तिला वाटले.

फोन वाजला तेव्हा धाकटा अजून टेबलाशीच होता. आज गॅरेजला उशिरा येतो म्हणून त्याने कळवले होते, का ते त्यालाही नीट सांगता आले नसते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलत होती. "नाही हो सर, तसं नाही... ह्यांचं काही म्हणणं नाही... माझाच पाय... हो, उद्यापासून त्या दुसऱ्या बाईंना... हो ना, तुम्ही तरी किती दिवस थांबणार..." थोरल्याने पेपराची घडी घातली आणि समाधानाने मान हलवली. आणि मग वहिनी थांबली. पलीकडून मालक काहीतरी बोलत होते. तिने पदराने, नव्हे, पदर नव्हताच, ओढणीच्या टोकाने फोनची काच उगाच पुसली. "बरं. एकदाच बघते. गाडी पाठवा." फोन ठेवून ती म्हणाली, "म्हणतात, एकदा चढावर जाऊन या. नाही जमलं तर किल्ली परत द्या, मग मी आग्रह करणार नाही."

"कशाला जिवाला ताप," थोरला म्हणाला. "मी म्हणतोय ना, माझ्या मनात काही नाही."

"माझ्या मनात आहे," वहिनी म्हणाली. मग ती धाकट्याला म्हणाली, "भावजी, तुम्ही येता बरोबर? शेजारी तुम्ही असलात तर बरं."

चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते खोटे नाही. त्याला वाटले, हिला कळले आहे. तिच्या तोंडाकडे बघितले तर तिथे तसे काही नव्हते. तिला खरोखरच शेजारी विश्वासाचे माणूस हवे होते.

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी छोटी, पांढरी, डोक्यावर पाटी. शिकवणाऱ्याच्या बाजूला, पायाशी, एक जादा ब्रेक. वहिनी इतकी वर्षे त्या बाजूला बसत आली होती. आज तिथे धाकटा बसला आणि त्याचे बूट त्या झिजलेल्या ब्रेकवर जाऊन टेकले. तिने सीट पुढे घेतली, आरसा हलवला, पुन्हा हलवला. शहरात ती नीट चालवत होती. सिग्नलला एक रिकामी हातगाडी आडवी आली तेव्हा ती सवयीने पुटपुटली, "आधी आरसा, मग मन." धाकट्याच्या बाजूची काच अर्धी उघडी होती आणि तो ऐकत होता. साधे, गरीब इंजिन. साध्या पेट्रोलवर सुखाने चालणारे, कुणीही हात न लावलेले. याला कुणी कधी चकित करायला गेले नव्हते. त्याला त्या गाडीचा हेवा वाटला आणि मग लाज वाटली. शहर मागे पडले, गोदामांच्या लांब भिंती आल्या, त्या संपल्या आणि चढ लागला. तोच नव्हे, दुसराच. पण चढासारखा चढ, आणि त्यावर ट्रक असायचाच तसा ट्रक.

वहिनीने आरसा पाहिला. इंडिकेटर दिला. गाडी थोडी बाहेर काढली. समोर रस्ता मोकळा होता, इतका मोकळा की धाकट्याने मनात म्हटले, जा, जा, आता जा. तिने पाय दाबला, इंजिन कुरकुरत वर चढले, आणि मग त्याला ऐकू आले की आवाज खाली येतो आहे. तिचा पाय उचलला गेला होता. गाडी पुन्हा ट्रकच्या मागे आली, धुरात. वहिनीचे ओठ पांढरे झाले होते. तिने पुन्हा एकदा केले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने इंडिकेटर दिला आणि न जाताच बंद केला. मग पुढे रस्त्याची कड जिथे रुंद होती तिथे तिने गाडी घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बघितलंत?" ती म्हणाली. "असंच झालं असणार तेव्हाही. मी उगाच गाडीला दोष दिला. माझाच पाय उचलला जातो, भावजी. ऐन वेळी. मला कळतसुद्धा नाही." ती रडत नव्हती. आपल्याच एखाद्या ढ विद्यार्थ्याबद्दल बोलावे तसे बोलत होती. "चौदा वर्षं लोकांना शिकवलं. आता वाटतं, काय शिकवलं असेन मी त्यांना? कुणाकुणाचे पाय असे उचलले जात असतील माझ्यामुळं." तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केले. "चला, मन तरी मोकळं झालं. किल्ली देऊन टाकते."

ट्रक वर चढत होता, अजून दिसत होता. हे धाकट्याने कधी मोजले नव्हते. त्याला वाटायचे की आपण तिची नोकरी घेतली, तिची मान खाली घातली. पण ही तर मागे जाऊन सगळेच पुसत निघाली होती, चौदा वर्षे, एकेक माणूस. आणि अपघातात जो पाय उचलला गेलाच नव्हता तो आता खरोखर उचलला जात होता, त्याच्या चार शब्दांवर भरवसा ठेवून. त्याने गाडीचा कान बधिर केला होता तसा तिचाही केला होता. "वहिनी," तो म्हणाला. "तेव्हा कदाचित... म्हणजे इंजिनातही थोडं काही असू शकेल. जुनी गाडी होती. अशा गाड्यांचं काय, नक्की सांगता येत नाही..."

ती त्याच्याकडे वळली.

"अर्धं नको, भावजी."

मग त्याने सांगितले. पट्टीपासून सांगितले. दादाला चकित करायचे होते ते सांगितले, डॉक्टरचे दात सांगितले, बधिर केलेला कान सांगितला, पहाटेचे दूध सांगितले. पिस्टनचे भोक सांगताना त्याने नकळत बोट वर धरले, एवढे. "तुमचा पाय उचलला गेला नव्हता. तुम्ही तिसऱ्यातच होता. तुम्ही म्हणालात ना, आधी तडतडलं. ते दाणे वाजत होते. तुम्ही बरोबर ऐकलंत. आमच्याकडं नवीन माणसाला ते ऐकू यायला वर्ष लागतं." शेवटचे वाक्य कशाला बोललो असे त्याला वाटले. पण ते खरे होते आणि तिला द्यायला त्याच्याकडे तेवढेच होते.

वहिनी पुढच्या काचेतून बघत होती. तिच्या मानेवरची एक शीर उडत होती. धाकट्याने तयारी ठेवली होती, तिने ओरडावे, एक थोबाडीत द्यावी, निदान रडावे. सोशिकपणाच्या त्या जुन्या विनोदाची त्याला आठवण झाली.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"बोळात. सगळ्यांमधून तुम्हालाच विचारलं होतं. ह्यांचंही मला खरं वाटलं नव्हतं. तुमचं वाटलं."

"हो, वहिनी."

"आणि वर मी तुमच्या हातातला चहा घेतला. बोटं भाजतील म्हणून."

खाली तो झिजलेला ब्रेक होता, त्यावर त्याचा बूट होता. त्याने पाय मागे घेतला.

"उतरा," वहिनी म्हणाली.

तो उतरला. त्याने दार लावले, ते नीट लागले नाही. तिने वाकून ते उघडले आणि पुन्हा ओढून लावले, शिकाऊ माणसाच्या हातून नीट न लागलेले दार लावतात तसे. मग काच खाली केली. तिचा आवाज शांत नव्हता, पण फुटलेलाही नव्हता. "चालत या. मी आधी घरी पोचते. ह्यांना मी सांगणार, माझ्या तोंडानं. त्यांना काय विसरायचं ते नीट कळू दे एकदा. तुम्ही आलात की तुम्हीही सांगायचं, पहिल्यापासून, दुधासकट. आणि माझ्याकडं बघत सांगायचं. नंतर या घरात राहायचं की नाही ते बघू."

"हो," तो म्हणाला.

"आधी वर जाऊन वळते. इथं वळायला जागा नाही." हे ती त्याला सांगत नव्हती, स्वतःला सांगत होती. तिने किल्ली फिरवली. आरसा पाहिला. मागून काही येत नाही याची खात्री केली, इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

धाकटा कडेला उभा राहिला. चढ उघडा होता, पार माथ्यापर्यंत दिसत होता. ट्रक माथ्याच्या अलीकडे रांगत होता आणि पांढरी गाडी त्याच्या मागे जाऊन पोचली. तिथे ती थोडा वेळ राहिली. धाकट्याने डोळे मिटले. हेडफोन नव्हते, नळी नव्हती, वाऱ्यावर जेवढे येईल तेवढेच येत होते. तिसऱ्या गीअरमधले ते गरीब इंजिन ताणले जाऊ लागले. वर गेले, आणखी वर गेले. जिथे आवाज खाली यायचा ती जागा आली. आवाज खाली आला नाही. ट्रकच्या घरघरीत शिरला, त्यात बुडाला आणि पलीकडून बाहेर पडला, आणि मग तिने चौथा टाकला. चौथाच होता. दाणे वाजले नव्हते.

त्याने डोळे उघडले तेव्हा रस्त्यावर फक्त ट्रक होता. थोड्या वेळाने ती माथ्यावरून वळून त्याच्यासमोरून खाली गेली, त्याच्याकडे न बघता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. धाकटा तिच्यामागून घराकडे चालू लागला.